कुऱ्हाडीचा सांधा

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे मराठी म्हणते. तमिळही तेच म्हणते. तिकडे ‘कोडालिक्काम्बु’ म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा, आणि आपल्याच माणसांवर उलटणाऱ्या घरभेद्यालाही हाच शब्द आहे. कुळाचा नाश करायला आलेला कुऱ्हाडीचा दांडा, अशी म्हणच तिथे रूढ आहे. अनुवादकाला असा योग क्वचित येतो. एरवी म्हणीचा अनुवाद म्हणजे तडजोड असते. इथे काही करावेच लागत नाही, म्हण आधीच पलीकडे पोचलेली असते. शब्दही एकमेकांपासून फार लांबचे नाहीत. मराठी ‘कुऱ्हाड’ संस्कृत ‘कुठार’वरून प्राकृतातल्या ‘कुहाड’मार्गे आली. तमिळ ‘कोडारि’, ‘कोडालि’ यांचे नातेही ‘कुठार’शीच जोडतात, आणि खुद्द ‘कुठार’ मूळचा द्राविडी असावा असे मानणारे अभ्यासकही आहेत. म्हणजे कोणी कोणाकडून घेतले हे ठरवायला बसलो, तर दिवस मावळेल.

पण या म्हणीत लोखंडाला बोल नाही. दोष सगळा लाकडाचा. ज्या पात्याने घाव घातला ते कसे झाले, कोणी केले, हे दोन्ही भाषांनी गृहीत धरले आहे. हा लेख त्या पात्याविषयी आहे, आणि थोडासा कावेरीच्या काठच्या मराठीविषयी.

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या रस्त्याला लागले की तिरुविडैमरुदूरच्या जवळ गोविंदपुरम् लागते. मराठी माणूस तिथे आता पांडुरंगासाठी जातो. २०११ मध्ये प्रतिष्ठा झालेले तिथले विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे देऊळ महाराष्ट्री वळणाच्या शिखरामुळे भाताच्या शेतांतून दुरूनच ओळखू येते. त्याहून जुने स्थान बोधेंद्र सरस्वतींच्या अधिष्ठानाचे. नामसंकीर्तनाचा मार्ग सांगणारे हे संन्यासी सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे समाधिस्थ झाले. पुढे अधिष्ठानाची जागा विस्मरणात गेली, मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी ती शोधून काढली आणि तंजावरच्या राजाने नदीचा ओघ वळवून तिचे रक्षण केले, असे परंपरा सांगते. तमिळ भागवतर मंडळी भजनात मराठी अभंग म्हणतात ती याच परंपरेतून.

हा टापू धातूचा आहे. पश्चिमेला स्वामीमलैचे स्थपती आजही मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओततात, आणि दक्षिणेला नाच्चियारकोविलच्या पितळी समया प्रसिद्ध आहेत. कुंभकोणमचे नाव निघाले की भांडी, दिवे, देव हेच आठवते. लोखंड कोणाला आठवत नाही. चोळकालीन शिवमूर्ती पाहा: मागच्या उजव्या हातात परशू असतो, डाव्यात हरिण. तमिळमध्ये या परशूला ‘मळु’ म्हणतात. मूर्तीतला परशू मूर्तीबरोबरच ओतलेला, म्हणजे काशाचा. पण ओतलेल्या काशाला शेवटी कोरून, घासून डौल द्यायचा तो लोखंडी हत्यारांनीच. ती हत्यारे करणारा ‘कोल्लन’, म्हणजे लोहार, मूर्तिशास्त्राच्या पुस्तकांत कुठेच दिसत नाही.

प्राचीन तमिळ कवितेने मात्र त्याला मानाची जागा दिली होती. ‘पुरनानूरु’तल्या एका कवितेत पोन्मुडियार ही कवयित्री एकेकाचे कर्तव्य सांगते. त्या ओळीत आई आहे, बाप आहे, राजा आहे आणि भाला घडवून देणारा लोहारही आहे. आपल्याकडे बारा बलुतेदारांत लोहार होता. कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ यांची दुरुस्ती करून खळ्यावर धान्य घेणारा. मानापेक्षा हिशेबातला माणूस.

*

कुऱ्हाड करणे वरवर वाटते त्याहून अवघड आहे, आणि अवघड जागा दोन आहेत: धार आणि नेढे. नेढे म्हणजे दांडा बसतो ते भोक.

नेढ्याची अडचण किती जुनी आहे ते विदर्भात दिसते. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या आणि नायकुंडच्या महापाषाणी दफनांत लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या. त्या सपाट आहेत, धारेकडे रुंदावणाऱ्या, आणि त्यांना नेढेच नाही. त्याऐवजी लोखंडाच्या पट्ट्या फुलीसारख्या आडव्या गुंडाळून पाते दांड्याला आवळलेले असे. नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे लोखंड गाळता येत होते, ठोकता येत होते, पण जाड लोखंडातून नीट भोक पाडणे किंवा पट्टी वळवून तिची दोन टोके एकजीव करणे टाळलेले दिसते. पट्ट्यांची ती फुली म्हणजे न केलेल्या सांध्याची जागा, असे मला वाटते.

धारेची अडचण खर्चाची होती. पोलाद महाग, साधे लोखंड स्वस्त. आख्खी कुऱ्हाड पोलादाची केली तर परवडत नाही, आणि घाव बसला की ठिसूळपणाने तडकण्याची भीती. आख्खी साध्या लोखंडाची केली तर धार चार घावांत मुडपते. म्हणून जगभरच्या लोहारांनी एकच तोड काढली: अंग लोखंडाचे, धार पोलादाची. लोखंडाची पट्टी मधोमध पातळ करून सुंब्याभोवती वळवायची, म्हणजे नेढे तयार होते. पट्टीची दोन टोके समोरासमोर आली की त्यांच्या मध्ये, जिभेसारखी, पोलादाची पातळ चकती ठेवायची. मग भट्टीत ताव देऊन तिन्ही थर ठोकून एक करायचे. उत्तर अमेरिकेत मूळ रहिवाशांशी व्यापार करण्यासाठी युरोपीय लोहारांनी ज्या कुऱ्हाडी घडवल्या, त्यांत हीच रीत नेहमीची होती. त्यांना मिळालेले ‘टॉमहॉक’ हे नाव मात्र व्हर्जिनियातल्या अल्गॉन्क्वियन भाषेतले. लोखंड एका खंडातले, नाव दुसऱ्या खंडातले.

हा जोड कसा लागतो ते समजून घेण्यासारखे आहे, कारण तो डाक लावण्यासारखा नाही. डाक लावताना दोन धातूंच्या मध्ये तिसरा, लवकर वितळणारा धातू येतो आणि तोच दोघांना धरून ठेवतो. तो वितळला की दोघे मोकळे. इथे मध्ये कोणी नसते. लोखंड वितळायला सुमारे १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. हा जोड १,२०० ते १,३०० अंशांच्या दरम्यान, म्हणजे काहीही न वितळता लागतो. दोन स्वच्छ पृष्ठभाग एवढे तापलेले असताना एकमेकांवर दाबले गेले की मधली सीमाच राहत नाही. अडथळा असतो तो लोखंडावर धरणाऱ्या खपलीचा. ती पातळ होऊन बाहेर पळावी म्हणून लोहार वर बारीक वाळू टाकतो किंवा टाकणखार. तमिळमध्ये टाकणखाराला ‘वेंगारम्’ म्हणतात. पहिले घाव हलके आणि भराभर घालायचे, आतून बाहेरच्या दिशेने, म्हणजे वितळलेली राख ठिणग्यांबरोबर उडून जाते. पहिलाच घाव जोराचा बसला तर थर एकमेकांवरून सरकतात आणि आत राख अडकते. वरून सांधा दिसतच नाही, पण पहिल्या थंडीत, गाठाळ लाकडावर, कुऱ्हाड उघडी पडते.

पोलादामुळे हे काम आणखी नाजूक होते. पोलादात कार्बन जास्त, म्हणून ते लोखंडापेक्षा लवकर नरम पडते आणि लवकर जळते. ज्या तावाला लोखंड जोडायला तयार होते, त्या तावाला चांगले पोलाद भुसभुशीत होऊन घणाखाली विखरू शकते. दोघांना एकत्र आणायचे तर एकाला थांबवायचे आणि एकाला पुढे काढायचे. लोखंड आधी तापवून, पोलाद मागाहून त्याच्या कुशीत ठेवून, रंग पाहत राहायचे. उष्णतामापक नव्हता, रंगच होते. म्हणून लोहाराची जागा अंधारी असते. उजेडात रंग फसवतात.

*

पोलादाला मराठीत हा फारसी शब्द येण्यापूर्वी आपला एक शब्द होता: तिखे. ‘तीक्ष्ण’वरून आलेला. संस्कृत रसशास्त्राचे ग्रंथ लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगतात, त्यातला हा मधला. मोल्सवर्थच्या कोशात ‘तिखे’ आहे. बोलण्यातून तो जवळजवळ गेला आणि जेवणातले तिखट तेवढे राहिले. तमिळमध्ये पोलादाला ‘एह्कु’ हा जुना शब्द आहे आणि दुसरा ‘उरुक्कु’, ज्याचा क्रियापद म्हणून अर्थ वितळवणे. कन्नडमधला ‘उक्कु’ याच घरातला, आणि इंग्रजांनी ज्याला ‘वूट्झ’ म्हटले तो बहुधा या ‘उक्कु’चाच अपभ्रंश.

या वूट्झचा प्रवास मुंबईतूनही झाला आहे. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर खुद्द मायकेल फॅरेडे त्याच्यामागे लागले होते. मातीच्या बंद मुशीत लोखंडाबरोबर लाकूड, पाने घालून केलेले हे पोलाद इतके कार्बनयुक्त होते की युरोपीय लोहारांना ते नेहमीच्या तावाला हाताळता येईना. घणाखाली त्याचे तुकडे होत. सालेम, कोइंबतूर, म्हैसूरकडच्या कारागिरांना मात्र त्याचा स्वभाव ठाऊक होता: ते कमी तावाला, धीराने ठोकायचे.

शब्दांविषयी बोलतो आहोत तर इथे एका माणसाचे नाव घ्यायलाच हवे: रघुनाथ नारायण हणमंते. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्या नावावर आहे. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशात एक स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे. हेच रघुनाथपंत आधी तंजावरला एकोजीराजांचे कारभारी होते. तिथून बाहेर पडून ते महाराजांना मिळाले आणि १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात बरोबर होते. एकोजीच्या बाजूने पाहिले तर कुऱ्हाडीचा दांडा कोण, हे सांगायला नको. महाराजांच्या बाजूने पाहिले तर वडिलांच्या दौलतीचा वाटा न देणारा भाऊच गोतास काळ.

दोघा भावांची भेट १६७७ च्या जुलैत कोळ्ळिडम नदीच्या उत्तर काठी झाली. मराठी इतिहासग्रंथांत त्या जागेचे नाव तिरुमलवाडी असे येते. मराठी कानाला ते सरळ वाटते: कुठलीतरी वाडी. ते गाव म्हणजे तिरुमळपाडि, आणि तिथल्या स्थळपुराणाप्रमाणे नाव ‘मळु’वरून आले. मार्कंडेयासाठी शंकर हातात परशू घेऊन नाचला, ती ही जागा. इतिहासकार हे नाव ‘मळवर’ या लढवय्या लोकांच्या तळावरून आले असे म्हणतात, आणि तेच अधिक पटते. पण परशूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात दोन भाऊ वाटणीसाठी बसले, आणि त्या नावातला परशू मराठीत येताना पुसला जाऊन वाडी झाली, हे अनुवादाच्या इतिहासातले एक लहानसे प्रकरण मानायला हरकत नाही. ती बोलणी फिसकटली. एकोजी रात्रीतून निघून गेले, त्याच वर्षअखेरीला लढाई झाली, आणि त्यानंतर तडजोड. पहिला घाव फार जोराचा पडला, असे लोहार म्हणाला असता.

*

गोविंदपुरमच्या अलीकडे रस्त्याला लागून एक पत्र्याचे छप्पर आहे, त्याखाली एक ‘पट्टरै’. म्हणजे लोहाराचे दुकान. भाता आता चामड्याचा नाही, विजेचा पंखा आहे. म्हातारे गृहस्थ कोयते करत होते. मी त्यांना अण्णा म्हटले. हा शब्द दोन्हीकडे चालतो. कोयत्यासाठी ते लॉरीचा जुना कमानपाटा घेतात. तो आख्खाच पोलादाचा असतो, त्यामुळे सांधायचे काही नाही. कापायचे, ठोकायचे, पाणी द्यायचे.

“पूर्वी कसं करायचे?” मी विचारले.

“अप्पा लोखंडात उरुक्कु घालायचे, अम्मा. मध्ये. मग पत्त वेक्कणुम्.”

मी थबकले. ‘पट्रवै’ हे क्रियापद मला माहीत होते ते चूल पेटवणे, विडी पेटवणे, आग लावणे या अर्थाने. कोशात दुसरा अर्थ आहे: धातू सांधणे. इतकी वर्षे तमिळमधून मराठीत आणताना मी ते ‘पेटवणे’ असेच आणत आले, कारण समोर चूलच असायची. ‘पट्रु’ म्हणजे धरणे, चिकटणे. आग लाकडाला धरते, लोखंड पोलादाला धरते. मराठीत आग ‘धरते’ आपण म्हणतो, पण सांधा ‘पेटवतो’ म्हणत नाही. मराठीची खूण दुसरीकडे आहे: ‘ताव’. भट्टीतली एक तापणूक म्हणजे एक ताव. कागदाचाही ताव, आणि जेवणावर मारतात तोही ताव. आपल्या भाषेत उष्णता मोजली गेली, त्यांच्या भाषेत पकड.

मी विचारले, आता कोणी तसे करते का. ते हसले. लॉरी आल्या तेव्हाच ते संपले, म्हणाले. हे त्यांच्या घरापुरते खरे आहे. व्यापक कारण त्याआधीचे. १८५६ मध्ये बेसेमरने हवेच्या झोताने पोलाद करण्याची रीत काढली, पोलाद लोखंडाइतके स्वस्त होत गेले, आणि महाग धातू फक्त धारेपुरता वापरण्याची गरज उरली नाही. त्याआधीच, १८३० मध्ये, मद्रास सरकारच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या जोसाया मार्शल हीथ यांनी याच किनाऱ्यावर परंगिपेट्टैला, म्हणजे पोर्टो नोव्होला, विलायती धर्तीचा लोखंडाचा कारखाना काढला होता. तो टिकला नाही, पण दिशा ठरली. सांध्याची कला कोणी मोडून काढली नाही. तिचे कारणच नाहीसे झाले.

*

तंजावरच्या बाबतीत मात्र मोडतोड अक्षरशः झाली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी संपवली. राणी कामाक्षीबाईसाहेबांचा दावा १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. राजकृत्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असा निकाल तिथे लागला. राजवाड्यातले शस्त्रागार, ज्यात नायकांच्या काळापासूनची हत्यारे होती, पुढच्या काळात मद्रासला हलवले गेले. काही कट्यारी, अंकुश, परशू संग्रहालयांत पोचले, आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही तंजावरच्या कट्यारी पाहता येतात. त्यांतल्या कित्येकींची पाती युरोपातून आलेली आहेत, मूठ इथली. म्हणजे त्याही सांधलेल्याच. उरलेले लोखंड मोडीत गेले. १८७८ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त एम. जे. वॉलहाउस यांनी या शस्त्रागाराविषयी लिहिले, तोवर बहुतेक सारे आटोपले होते.

जे मोडीत गेले नाही ते मोडीत लिहिलेले राहिले. तंजावर दरबाराची हजारो मोडी कागदपत्रे सरस्वती महालात सांभाळली गेली. त्यांतल्या बऱ्याच कागदांचा तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये तीन खंडांत छापला. म्हणजे आज तंजावरच्या मराठी राज्याच्या दैनंदिन कारभाराविषयी वाचायचे तर मराठी वाचकापेक्षा तमिळ वाचकाची सोय अधिक आहे. आपली मराठी आपल्याला तमिळमधून परत आणावी लागेल, अशी ही स्थिती. मला यात अपमान वाटत नाही. काम दिसते.

त्या राज्याचा सर्वांत मोठा मराठी मजकूर मात्र कागदावर नाही. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने चिटणीस बाबूराय यांनी रचलेले भोसले वंशाचे चरित्र १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर कोरले गेले. दगड ग्रॅनाइटचा. मी तिथे उभी राहून नेहमी अक्षरे वाचत असे, म्हणजे काय लिहिले आहे ते. आता टाकीचा विचार येतो. ग्रॅनाइटवर टाकीचे टोक काही अक्षरांतच बोथट होते, आणि ते पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन टोकदार करावे लागते. एवढा मजकूर कोरायचा म्हणजे पाथरवटांच्या मागे भट्टी सतत पेटती असणार, आणि भट्टीवर कोल्लन. कोरणाऱ्याला मराठी येत होती की नाही, कोण जाणे. टाकीला पाणी देणाऱ्याला ती येण्याचे कारणच नव्हते. तरी वंशावळीतले प्रत्येक नाव त्याच्या पोलादातून गेले आहे.

त्याचे स्वतःचे नाव त्या भिंतीवर नाही. एकोजी आहेत, सरफोजी आहेत, भावाभावांच्या वाटण्या आहेत. गोविंदपुरमजवळच्या तिरुविडैमरुदूरला पदच्युत अमरसिंहराजे १७९८ नंतर आपला छोटा दरबार घेऊन राहिले. पुतण्या गादीवर, चुलता गावात. कुऱ्हाडीच्या दांड्याची म्हण दोन्ही भाषांत एवढी पक्की का बसली, हे समजायला हा परिसर पुरेसा आहे.

पण त्या काठावर दुसरेही काही झाले. मराठी दरबार जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, आणि तरी गोविंदपुरमच्या भजनात मराठी अभंग तमिळ उच्चारांनी म्हटला जातो. तिथल्या मराठी घरांत बोलली जाणारी मराठी तमिळ वाक्यरचना अंगावर घेऊन चालते. पुण्याहून आलेला पाहुणा तिला अशुद्ध म्हणतो. त्याला थर दिसतात. मी त्या मराठीत अनेकदा जेवले, भांडले, निरोप घेतला आहे, आणि माझा अनुभव असा की कडेला लोखंड आणि पोलाद वेगवेगळे चमकतात, पण मध्ये, जिथे घाव बसतो तिथे, कोणते कुठे संपते ते हाताला लागत नाही.

तमिळ विद्यापीठाच्या त्या तीन खंडांत लोहार, भाते, पोलाद, टाक्या यांच्या नोंदी हुडकून त्या मूळ मोडीशी ताडून मराठीत आणायचे मी ठरवले आहे. ‘पट्रवै’ आले, की ओळीत चूल आहे की ऐरण, हे आधी पाहणार आहे.